येऊन चार आठवडे झाले, मग रिपोर्टवर पावणेसहा कसे?

विचारणारे गृहस्थ फौजेत आहेत, घर नाशिकरोडला. १३ मेच्या रात्री ते सुट्टीवर घरी पोहोचले. पत्नीची शेवटची पाळी १ मेला आली होती. महाराष्ट्र दिन होता म्हणून तारीख पक्की लक्षात आहे. एरवीही पाळी २८ ते ३० दिवसांनी, नियमित. मेअखेर ती चुकली, घरी केलेल्या चाचणीत दोन रेघा आल्या आणि १० जूनला सोनोग्राफी झाली. रिपोर्टवर लिहिलंय: पाळीनुसार ५ आठवडे ५ दिवस, सोनोग्राफीनुसार ५ आठवडे ३ दिवस, गर्भाशयात ८ मिलिमीटरची सॅक (गर्भाची पिशवी), आत योक सॅक (गर्भाला सुरुवातीला पोसणारी छोटी पिशवी), गर्भ आणि ठोके अजून दिसत नाहीत, दोन आठवड्यांनी पुन्हा बघू. ते विचारतात: ‘मला घरी येऊन २८ दिवस झाले, मग पोटात ४० दिवसांचा गर्भ कसा? आईने बोटांवर मोजून विचारलं, मला उत्तर देता आलं नाही. आणि ठोके नाहीत म्हणजे काही बिघडलंय का? १४ तारखेला मला ड्युटीवर परत जायचंय.’

तुम्ही प्रश्न दोन विचारलेत, पण पहिल्याच्या पोटात तिसरा दडलाय. तो मीच उघड लिहिते, कारण माझ्या टेबलासमोर तो बहुतेक वेळा कुणी बोलत नाही, नुसता खुर्चीत बसून असतो: हे मूल माझंच ना? तुम्ही दिलेल्या तारखांमध्ये शंका घ्यावी असं काहीही नाही. उलट त्या एकमेकींशी इतक्या चोख जुळतात की शिकाऊ डॉक्टरांना उदाहरण म्हणून द्याव्यात. कशा जुळतात ते नीट सांगते, म्हणजे आईंना सांगायला तुमच्याकडे उत्तर असेल.

रिपोर्टवरचे आठवडे हे बाळाचं वय नसतं. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आजपर्यंत किती दिवस झाले, एवढंच ते असतं. १ मे ते १० जून चाळीस दिवस, म्हणजे ५ आठवडे ५ दिवस. हा आकडा काढायला मशीन लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. त्यातले पहिले साधारण १४ दिवस पोटात काहीच नसतं. पाळी चालू असते, मग संपते, मग शरीर एक स्त्रीबीज पिकवत असतं. गर्भ राहतो तो त्यानंतर. म्हणजे ‘दोन आठवड्यांची गरोदर’ अशी कागदावर जी बाई असते ती प्रत्यक्षात गरोदर नसतेच. तुमचे मधले बारा दिवस इथेच आहेत: तुम्ही घरी यायच्या आधीचे, पाळीचे आणि पाळीनंतरचे.

मग असं उलटं का मोजतात? कारण बीज कोणत्या दिवशी सुटलं हे बाहेरून कळत नाही. ना दुखतं, ना दिसतं. काहींना ओटीपोटात एका बाजूला बारीक कळ येते, पण त्यावर हिशेब मांडता येत नाही. पाळीची तारीख मात्र बाईला माहीत असते. पाळीपासून मोजायची रीत इतकी जुनी आहे की तेव्हा सस्तन प्राण्याचं बीज कुणी पाहिलंही नव्हतं. ते कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी १८२७ मध्ये पहिल्यांदा कुत्रीच्या बीजकोशात पाहिलं. आजही टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात, जिथे बीज आणि शुक्रजंतू प्रयोगशाळेत कोणत्या दिवशी एकत्र आले हे आम्हाला वहीत लिहिलेलं सापडतं, तिथेसुद्धा आम्ही त्या तारखेत मागचे १४ दिवस मिळवूनच आठवडे सांगतो. सगळ्यांचा हिशेब एकाच पट्टीने व्हावा म्हणून.

आईंना पटायला एक सोपी गोष्ट आहे. ‘नऊ महिने नऊ दिवस’ हे त्यांनीही आयुष्यभर ऐकलंय. १ मेपासून नऊ महिने नऊ दिवस मोजले तर १० फेब्रुवारी येते. आमचे २८० दिवस मोजले तर ५ फेब्रुवारी. पाचच दिवसांचं अंतर. तेच नऊ महिने नऊ दिवस तुमच्या येण्यापासून मोजले तर फेब्रुवारीची वीस तारीखही उलटून जाते. म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या बायकांचा हिशेबही चुकलेल्या पाळीवरून मागे जाऊनच होत होता. त्यांना विचारा, तुमच्या वेळी दिवस कुठून धरले होते? त्या ‘आंघोळ झाली तेव्हापासून’ असं म्हणतील, म्हणजे पाळीच्या चौथ्या दिवसाची आंघोळ. रिपोर्ट जवळपास तेच म्हणतोय.

तारखेवरून थोडं विषयांतर करते. माझ्याकडे निफाड-दिंडोरीकडून येणाऱ्या कितीतरी बायकांना इंग्रजी तारीख विचारली की त्या नुसत्या हसतात. मग मी विचारते, घरात तेव्हा काय चाललं होतं? ‘द्राक्षाची गोडी छाटणी उरकली त्या आठवड्यात’, ‘वणीच्या यात्रेला जायचं होतं आणि नेमकी आली म्हणून राहिले’. एवढं पुरतं. कॅलेंडरची पानं मागे उलटायची, पौर्णिमा-अमावास्या बघायची, बोट एका चौकोनावर येऊन थांबतं. यात्रेला जाता आलं नाही ही हळहळ बाई विसरत नाही, म्हणून ती तारीखही सहसा चुकत नाही. तुमच्याकडे तर तारीख आयती आहे.

आता तुमच्याच तारखा घेऊन काय काय घडलं ते सांगते. हे माझ्या आवडीचं आहे, त्यामुळे जरा लांबेल.

१ मेला पाळी सुरू झाली तेव्हाच बीजकोशात काही बीजं वाढीला लागली. ती त्या दिवशी तयार झालेली नसतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या आयुष्यभराची बीजं तयार होतात, जन्मानंतर नवी बनत नाहीत. तुमच्या बाळाचं अर्धं बीज तुमच्या सासूबाईंच्या पोटात घडलेलं आहे. दर महिन्याला त्यातली काही जागी होतात, बहुधा एकच पुढे जातं, बाकीची विरून जातात. पुढे गेलेल्या बीजाभोवतीची पाण्याची पिशवी बाराव्या-तेराव्या दिवसापर्यंत दोन सेंटीमीटरच्या आसपास होते. तिच्यातून निघणाऱ्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं. मग मेंदूकडून एलएच हे संप्रेरक एकदम उसळतं आणि त्यानंतर साधारण दीड दिवसाने बीज सुटतं. २८ दिवसांच्या पाळीत हे चौदाव्या-पंधराव्या दिवशी, म्हणजे १४-१५ मेच्या सुमारास झालं असेल.

तुम्ही १३ मेच्या रात्री आलात. सुटलेलं बीज जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, पण शुक्रजंतू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून गर्भ राहण्याचे दिवस महिन्यात फक्त सहाएक असतात: बीज सुटण्याच्या आधीचे पाच आणि सुटण्याचा दिवस. तुमची सुट्टी नेमकी त्या दिवसांत सुरू झाली. बीज १५ऐवजी १६-१७ला सुटलं असतं तरी हिशेबाला धक्का लागत नाही.

एका वेळी कोट्यवधी शुक्रजंतू निघतात, गर्भनलिकेच्या टोकापर्यंत पोहोचतात ते काही शे. त्यातला एक बीजात शिरला की बीजाचं कवच बदलतं आणि दुसऱ्याला वाट मिळत नाही. मुलगा की मुलगी हेही त्याच क्षणी ठरतं, आणि ते पुरुषाच्या शुक्रजंतूवरून ठरतं. पुढे कुणी सुनेला बोल लावायला आलं तर हे सांगायला तुम्ही घरात असा, किंवा फोनवर तरी असा.

फळलेलं बीज लगेच गर्भाशयात जाऊन बसत नाही. ते नलिकेतून हळूहळू सरकतं आणि सरकता सरकता एकाचे दोन, दोनाचे चार असं वाढत जातं. तीन-चार दिवसांनी गर्भाशयात उतरतं. पाचव्या-सहाव्या दिवशी, म्हणजे २० मेच्या आसपास, तो पाणी भरलेला पेशींचा बारीक गोळा असतो. त्याच्या बाहेरच्या पेशींपासून पुढे वार होते, आतल्या पेशींच्या पुंजक्यापासून बाळ. मग तो अस्तराला चिकटतो आणि पुढच्या पाच-सहा दिवसांत आत रुततो. २५-२६ मेपर्यंत हे काम आटोपलं असेल. हे सगळं होत असताना तुम्ही दोघं कदाचित नातेवाइकांकडे जेवणं झोडत होतात. बाईला काहीही जाणवत नाही.

काहींना या रुतण्याच्या सुमाराला एखादा डाग लागतो. बाई समजते पाळी आली, यावेळी कमी गेली एवढंच. तीच तारीख ती पुढे डॉक्टरांना सांगते आणि सगळा हिशेब तीन-चार आठवडे पुढे सरकतो. बाळ मोठं असतं, कागदावर लहान दिसतं. तुमच्या मिसेसच्या बाबतीत तसं झालेलं नाही, कारण सोनोग्राफी आणि पाळी एकमेकींशी जुळताहेत. पण वाचणाऱ्यांपैकी कुणाचा घोळ असा असेल म्हणून लिहून ठेवते.

आत रुतलेल्या गोळ्याच्या बाहेरच्या पेशी एचसीजी नावाचं संप्रेरक सोडू लागतात. ज्या जागेतून बीज सुटलं होतं तिथे बीजकोशात एक पिवळसर गाठ उरलेली असते, तिला हा निरोप जातो: आवरू नकोस, प्रोजेस्टेरॉन बनवत राहा. निरोप मिळाला नसता तर २९ मेला पाळी आली असती. मिळाला, म्हणून चुकली. घरच्या चाचणीतली दुसरी रेघ म्हणजे लघवीत उतरलेलं हेच एचसीजी. ते सुरुवातीच्या दिवसांत साधारण दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं. रेघ फिकट होती की गडद यावरून कुणी काही सांगत असेल तर मनावर घेऊ नका. किती पाणी प्यायलं होतं त्यावरही ते अवलंबून असतं.

आता वजाबाकी करा. १५ मेला गर्भ राहिला असं धरलं तर १० जूनला त्याचं खरं वय २६ दिवस होतं. तुम्हाला घरी येऊन २८ दिवस झाले होते. मशीनने सॅकच्या मापावरून ५ आठवडे ३ दिवस सांगितलं, म्हणजे ३८ दिवस. त्यातून १४ वजा केले की २४ राहतात, १७ मे येतो. पाळी १५ मे म्हणते, मशीन १७ मे म्हणतं, दोन्ही तारखा तुमच्या घरी येण्याच्या नंतरच्या. दोघांतला दोन दिवसांचा फरक हा फरकच नव्हे. इतक्या लवकरच्या सोनोग्राफीत पाच दिवसांपर्यंत इकडेतिकडे झालं तर आम्ही पाळीचीच तारीख कायम ठेवतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. सोनोग्राफी दिवसांचा अंदाज देते, बापाचं नाव सांगत नाही, आणि तिच्याकडून ते वदवून घ्यायला जाऊही नये. ज्या बाईची पाळी ३५-४० दिवसांनी येते तिचं बीज विसाव्या-पंचविसाव्या दिवशी सुटतं. तिच्या बाबतीत कागदावरचे आठवडे आणि बाळाचं वय यांत दोनऐवजी तीन-साडेतीन आठवड्यांचं अंतर पडतं. पीसीओडी (पाळी अनियमित करणारा बीजकोशाचा विकार) असेल, अंगावर पाजणारी आई असेल, नुकत्याच गर्भनिरोधक गोळ्या बंद केलेल्या असतील, तर पाळीवरचा हिशेब लटपटतो आणि आम्ही सोनोग्राफीची तारीख धरतो. तुमचं गणित सरळ सुटलं, कुणाचं सुटणार नाही. ते न सुटण्याची कारणं बहुधा अशीच असतात, आणि घरात आवाज चढायच्या आधी ती डॉक्टरांना विचारून घ्यावीत.

आता ठोक्यांबद्दल. हा प्रश्न तुम्ही दुसरा ठेवलात, मी असते तर पहिला ठेवला असता.

हृदय गर्भ राहिल्यापासून साधारण बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी हलू लागतं. तेव्हा ते हृदय म्हणावं असं नसतंच, एक नळी असते आणि ती आकुंचन पावू लागते. तुमच्या हिशेबात ६-७ जून. पण ते हलू लागणं आणि मशीनवर दिसणं यांत काही दिवस जातात, कारण त्या वेळी अख्खा गर्भ एक-दोन मिलिमीटरचा, तांदळाच्या दाण्याहून लहान असतो. आतून, म्हणजे योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत गोष्टी ठरलेल्या क्रमाने दिसतात: पाच आठवड्यांच्या आसपास सॅक, साडेपाचच्या आसपास योक सॅक, सहाच्या आसपास तिच्या कडेला चिकटलेला गर्भ आणि त्यात लुकलुकणारे ठोके. पोटावरून केली असेल तर हे सगळं आठवडाभर उशिरा दिसतं. तुमच्या मिसेसची सोनोग्राफी पावणेसहा आठवड्यांना झाली आणि त्यात योक सॅकपर्यंतचं सगळं दिसलं. जेवढं दिसायला हवं तेवढं दिसलं. तुम्ही दोन-चार दिवस लवकर गेलात, एवढाच त्याचा अर्थ.

शिवाय त्या योक सॅकने एक मोठी काळजी मिटवली आहे. गर्भ गर्भाशयाच्या आतच आहे, गर्भनळीत अडकलेला नाही. नळीतला गर्भ हे या दिवसांतलं जिवावर बेतणारं दुखणं. माझ्या दृष्टीने लवकरच्या सोनोग्राफीचं खरं काम ते ओळखणं हेच आहे. ज्या बाईला दुखत नाही, डाग नाही, आधी कधी नळीत गर्भ राहिलेला नाही, पाळी नियमित आहे, तिला मी सात आठवडे पुरे झाल्याशिवाय सोनोग्राफीला पाठवत नाही. लवकर केली की अर्धवट चित्र दिसतं आणि दोन आठवडे सगळं घर त्या अर्धवट चित्राकडे बघत बसतं. पण चाचणीत दोन रेघा आल्या की त्याच संध्याकाळी सेंटर गाठायचं ही आता रीतच झालीये, त्याला इलाज नाही.

दोन आठवडेच का थांबायचं, यालाही कारण आहे. गर्भ वाढत नाही असं म्हणायला आमच्याकडे ठरलेली मापं आहेत. गर्भ ७ मिलिमीटर किंवा मोठा असून ठोके नसतील, किंवा सॅक २५ मिलिमीटर किंवा मोठी असून आत गर्भच नसेल, तर मग शंका उरत नाही. योक सॅक दिसलेली असेल तर त्यानंतर ११ दिवस किंवा जास्त उलटूनही ठोके दिसले नाहीत, तरच तसं म्हणता येतं. ही मापं मुद्दाम सैल ठेवलेली आहेत, कारण घाईत चुकीचं निदान होऊन चांगला गर्भ जाऊ नये. तुमची सॅक ८ मिलिमीटरची आहे, म्हणजे या सगळ्यापासून लांब. एवढ्यावरून कुणी ‘पिशवी साफ करून घ्या’ म्हणालं तर सरळ नाही म्हणा आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. आणि आज इथे, उद्या कॉलेजरोडला, परवा आणखी कुठे अशा रोज सोनोग्राफ्या करत फिरू नका. एका दिवसात गर्भ साधारण एक मिलिमीटर वाढतो. रोज बघून नवं काही कळणार नाही, खिसा मात्र हलका होईल.

सगळं ठीकच होईल अशी हमी मी देत नाही, कुणी देऊही शकत नाही. कळलेल्या शंभर गर्भारपणांपैकी दहा-पंधरा पहिल्या तीन महिन्यांत आपोआप संपतात. त्यातली निम्मी तरी गुणसूत्रांच्या घडणीतच काहीतरी चुकल्यामुळे, जे बीज आणि शुक्रजंतू एकत्र येतानाच ठरलेलं असतं. स्कूटीवर बसली, पाण्याची बादली उचलली, माहेरी जाऊन आली, द्राक्षं खाल्ली यामुळे गर्भ पडत नाही. हे आईंना आत्ताच सांगून ठेवा. नंतर काही झालंच तर दोष सुनेच्या माथी मारायला सगळे तयार असतात, आणि तेव्हा तुम्ही सीमेवर असाल.

फोलिक अॅसिड सुरू नसेल तर आजपासून सुरू करा. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात ती नळी गर्भ राहिल्यापासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते, तुमच्या हिशेबात १२ जून. म्हणून ही गोळी खरं तर गर्भ राहायच्या आधीपासून घ्यायची असते. दुसऱ्या बाळाच्या वेळी लक्षात ठेवा. तरी आत्ता सुरू केलेली फुकट जात नाही. बारा आठवड्यांनंतर लोह आणि फोलिक अॅसिड मिळून असलेली गोळी रोज, निदान १८० दिवस. आशाताई घरी आणून देतात, त्यांच्याकडे बाराव्या आठवड्याच्या आत नोंदणी करून माता-बाल संरक्षण कार्ड घ्या. आरोग्य केंद्रात आणि सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. देवळालीच्या मिलिटरी हॉस्पिटलमध्येही तुमच्या पत्नीची नोंद करता येईल. तुमचं युनिट कुठेही असो, कार्ड त्यांच्या हातात ठेवून जा.

पुढचे महिने थोडक्यात सांगते, कारण तुम्ही ते विचारले नाहीत, पण सुट्टीचा अर्ज करायला तारखा उपयोगी पडतील. जून-जुलै हा घडण्याचा काळ. दहा आठवडे पुरे होईपर्यंत हात, पाय, डोळे, मूत्रपिंडं, सगळ्याची मांडणी झालेली असते आणि त्यानंतर मुख्यतः वाढ होते. याच काळात उलट्या जास्त होतात. वार आपलं काम हातात घेऊ लागते आणि बीजकोशातल्या त्या पिवळ्या गाठीची गरज संपते. पहिले तीन महिने सरले की धोका उतरतो असं बायका म्हणतात त्याला एवढा आधार आहे. १७ जुलै ते ६ ऑगस्ट या दिवसांत एनटी स्कॅन करायचा, म्हणजे मानेमागच्या पाण्याच्या थराचं माप. ही खिडकी चुकली की पुन्हा येत नाही. ४ ते १८ सप्टेंबरच्या दरम्यान अवयवांची सविस्तर सोनोग्राफी. पहिलटकरणीला बाळाची हालचाल त्याच सुमाराला, अठरा ते वीस आठवड्यांत कळू लागते. आधी ती ‘पोटात गॅस फिरतोय’ असंच म्हणते. १३ नोव्हेंबरला अठ्ठावीस आठवडे पूर्ण होतील, तेव्हा बाळ किलोभराचं असेल. १५ जानेवारीला सदतीस. त्यानंतर कधीही. ५ फेब्रुवारी ही तारीख आम्ही कागदावर ठळक लिहितो, पण नेमक्या त्या दिवशी विसांतली एखादीच बाळंत होते. सुट्टी मागायची असेल तर जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून मागा.

घरात ‘तिसरा लागला’, ‘पाचवा सरला’ अशी भाषा चालेल. चालू द्या, डोहाळजेवण त्याच हिशेबाने होणार आहे. पण डॉक्टरांशी, आशाताईंशी, फोनवर माझ्यासारखीशी बोलताना आठवडेच सांगा. चाळीस आठवडे म्हणजे अठ्ठावीस दिवसांचे दहा महिने होतात, आणि कॅलेंडरचे महिने तीस-एकतीसचे; दोन्ही मिसळले की आठव्याचा नववा होतो.

तुम्ही गेल्यावर घरातल्यांनी कशावर लक्ष ठेवायचं ते सांगून जा. एक-दोन तपकिरी डाग लागले तर घाबरून पळायचं नाही, फोन करून दुसऱ्या दिवशी दाखवायचं. तासाभरात पॅड भिजेल इतकं अंगावरून जाऊ लागलं, पोटात जोराची कळ आली, चक्कर येऊन पडली, ताप भरला, किंवा पाणीही पोटात ठरत नाही इतक्या उलट्या झाल्या, तर थांबायचं नाही. नाशिकरोडहून बिटको रुग्णालय जवळ आहे, सिव्हिल त्र्यंबकरोडला, आणि १०८ला फोन केला की गाडी येते. सोबत तो १० जूनचा रिपोर्ट न्यायचा; गर्भ गर्भाशयातच आहे हे त्यावर लिहिलेलं असल्यामुळे रात्री अनोळखी डॉक्टरचा बराच वेळ वाचतो.

२४ जूनला पुन्हा सोनोग्राफी करा. तेव्हा पाळीनुसार ७ आठवडे ५ दिवस झालेले असतील. गर्भ एक-दीड सेंटीमीटरचा आणि ठोके मिनिटाला दीडशेच्या आसपास दिसायला हवेत. तुम्ही नसाल, तर पत्नीबरोबर आईंनाच पाठवा. शेजारीणही नको, नणंदही नको, आईच. डॉक्टरांना आधी सांगून ठेवा, ते त्यांना आत बोलावून पडद्यावर दाखवतील. गर्भाचं माप घेऊन मशीन जी तारीख देतं ती आईंनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेली बरी. सात आठवड्यांनंतरच्या त्या मापावर १० जूनच्या सॅकपेक्षा जास्त भरवसा ठेवता येतो. फक्त मुलगा की मुलगी हे त्यांनी विचारू नये. त्या वेळी ते दिसत नाही, आणि दिसू लागल्यावर सांगणं १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे. सेंटरवर एक फॉर्म भरून घेतात. त्यावर सही तुमच्या पत्नीचीच लागते, तुमची लागत नाही, तेव्हा त्यासाठी सुट्टी वाढवायची गरज नाही. आधार कार्ड तेवढं बरोबर ठेवायला सांगा.